पॅटर्नमधली चूक: ओपन सोर्स डॉक्युमेंटेशनमधलं शुद्धलेखन कसं दुरुस्त करायचं

कोल्हापुरात उद्यमनगरच्या कुठल्याही फाउंड्रीत थोडा वेळ उभे राहा. कास्टिंगवर एकाच जागी पुन्हा पुन्हा खोट दिसली तर जाणता कारागीर आधी कानस हातात घेत नाही. तो जाऊन पॅटर्न, म्हणजे साच्याचा मूळ नमुना, बघतो. पॅटर्नवरच ओरखडा असेल तर वाळूत उठणाऱ्या प्रत्येक साच्यात तो उतरणार आणि प्रत्येक नगावर येणार. नग घासत बसलं तर काम संपत नाही.

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणीही पाहू-बदलू शकतो अशा, सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे ते कसं वापरायचं या माहितीत, शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करायची तर हीच गोष्ट आधी डोक्यात पक्की करावी लागते. वेबसाइटवर दिसणारं पान म्हणजे कास्टिंग. ते कुठल्यातरी मूळ फायलीतून तयार झालेलं असतं आणि दुरुस्ती त्या फायलीत व्हायला हवी. मी राजारामपुरीत मुलांना संगणक शिकवतो. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, एवढ्या एका अक्षरासाठी कोण दखल घेतंय वो?" घेतात. चांगले मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारे लोक, अशा दुरुस्त्या आनंदाने घेतात, फक्त ती नेमकी हवी, खरी हवी आणि त्यांचा वेळ न खाणारी हवी. ती तशी कशी करायची ते पुढे सांगतो. प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही. ब्राउझर, एक ईमेल खातं आणि सावकाश वाचायची सवय एवढं पुरतं.

आधी खात्री करा: ही चूकच आहे का?

इंग्रजी पानांत ब्रिटिश आणि अमेरिकन वळणाचा घोळ सर्वांत जास्त होतो. 'कलर' या शब्दात 'यू' असणं किंवा नसणं ही चूक नाही, त्या प्रकल्पाची निवड आहे. शाळेत आपण ब्रिटिश वळण शिकलो म्हणून अमेरिकन वळणाचं पान 'सुधारायला' जाऊ नका.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. काही चुका आता नावं बनून बसल्या आहेत. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीमध्ये आपण कुठल्या पानावरून आलो ते सांगणारा 'रेफरर' नावाचा हेडर, म्हणजे माहितीची ओळ, आहे. १९९६ सालच्या आरएफसी १९४५ या नियमपत्रात त्याच्या स्पेलिंगात एक 'आर' कमी पडला आणि तो तसाच राहिला, कारण जगभरच्या सर्व्हरना आणि ब्राउझरना तेच स्पेलिंग कळतं. युनिक्समधली 'क्रिएट' ही सिस्टीम कॉल शेवटच्या 'ई'शिवाय लिहितात. जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक आणि नावं देणाऱ्या युनिकोडमध्ये तर एका कंसाच्या अधिकृत नावातच 'ब्रॅकेट'ची अक्षरं उलटसुलट झाली आहेत. एकदा दिलेलं नाव बदलायचं नाही हा युनिकोडचा नियम असल्यामुळे ते नाव कायम तसंच राहणार. म्हणून चुकलेला शब्द वेगळ्या टंकात, कोडसारखा छापलेला दिसला तर थांबा. तो फंक्शनचं, पर्यायाचं किंवा फायलीचं नाव असेल तर डॉक्युमेंटेशनमध्ये ते 'शुद्ध' करणं म्हणजे वाचकाला न चालणारी आज्ञा देणं.

अवतरणचिन्हांतला मजकूर आणि माणसांची नावं यांनाही हात लावू नका.

चूक जन्मली कुठे ते शोधा

माझी पहिली दुरुस्ती वाया गेली ती इथेच. एका लहान प्रकल्पाच्या रेपोत, म्हणजे त्याच्या सगळ्या फायली ठेवलेल्या जागेत, मला एचटीएमएल फाइल सापडली. मी तिच्यातला शब्द नीट केला, पाठवला, आणि पुढच्या बिल्डमध्ये, म्हणजे पानं नव्याने तयार झाली तेव्हा, जुनी चूक जशीच्या तशी परत आली. ती फाइल दुसऱ्या फायलीवरून आपोआप तयार होत होती. मी नग घासला होता, पॅटर्न तसाच होता.

हे टाळायचं तर चुकलेल्या शब्दाच्या आजूबाजूचे चार-पाच शब्द उचला आणि तेवढा तुकडा रेपोमध्ये शोधा. एकटा शब्द शोधलात तर नको तिथेही सापडतो, तुकडा मात्र नेमकी जागा दाखवतो. बऱ्याच पानांवर 'एडिट धिस पेज' असा दुवा असतो आणि तो बहुतेक वेळा थेट मूळ फायलीकडे नेतो. पायथॉनचं डॉक्युमेंटेशन रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या साध्या मजकुराच्या मांडणीत लिहिलेलं आहे आणि तिथे पानाचा मूळ मजकूर दाखवणारा दुवा असतो. वेब तंत्रज्ञानाची माहिती देणाऱ्या एमडीएनची पानं २०२० सालच्या डिसेंबरपासून गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर आहेत.

शोधताना सगळ्यात वर बारीक अक्षरांत 'ही फाइल आपोआप तयार होते, बदलू नका' अशा अर्थाची ओळ आहे का ते पाहा. असेल तर ती कशातून तयार होते ते शोधा. अनेकदा फंक्शनची माहिती कोडमधल्या टिपणीतूनच उचलली जाते. मग दुरुस्ती कोडच्या फायलीतल्या त्या टिपणीत करायची, बाकी एकाही ओळीला धक्का न लावता. 'थर्ड पार्टी' किंवा 'व्हेंडर' नावाच्या फोल्डरात शब्द सापडला तर तो दुसऱ्याच प्रकल्पातून आलेला आहे. दुरुस्ती त्या मूळ प्रकल्पाकडे पाठवा.

आणखी दोन गोष्टी तपासायच्या. तुम्ही वाचताय ते पान जुन्या आवृत्तीचं तर नाही ना? मुख्य शाखेत, म्हणजे चालू कामाच्या प्रतीत, ती चूक कदाचित कधीच गेली असेल. आणि तोच शब्द दुरुस्त करणारी कुणाची तरी पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी विनंती, आधीच उघडी नाही ना? दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यामुळे मेंटेनरला एक निरोप कमी लिहावा लागतो.

प्रकल्पाची रीत

रेपोच्या मुळाशी 'कॉन्ट्रिब्युटिंग' नावाची फाइल असते. ती पूर्ण वाचा. काही प्रकल्प लहान दुरुस्तीसाठी आधी इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद, उघडा म्हणतात, तर पायथॉनसारखे प्रकल्प किरकोळ दुरुस्तीला इश्यू मागत नाहीत. काही ठिकाणी योगदानाच्या कराराला ऑनलाइन संमती द्यावी लागते. काही ठिकाणी कमिटच्या, म्हणजे बदलाच्या नोंदीच्या, शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ हवी असते आणि ती नसेल तर आपोआप होणारी तपासणी नापास करते. लिनक्स कर्नलमध्ये 'डॉक्युमेंटेशन' नावाच्या फोल्डरात भरपूर वाचण्याजोगं आहे, पण तिथे दुरुस्ती साध्या मजकुराच्या ईमेलने पॅच, म्हणजे बदललेल्या ओळींचा तुकडा, म्हणून जाते. पहिल्या खेपेला तिकडे वळू नका. दोन-तीन दुरुस्त्या इतरत्र करून हात बसला की मग जा.

पहिली दुरुस्ती, ब्राउझरमधूनच

गिटहबवर मूळ फाइल उघडा आणि वरच्या बाजूचं पेन्सिलचं चिन्ह दाबा. तुम्हाला त्या रेपोत लिहायचा हक्क नसल्यामुळे गिटहब तुमच्या खात्यात त्याची प्रत करून देतं. ही प्रत म्हणजे फोर्क. आता एडिटरमध्ये नेमका तो शब्द बदला आणि दुसऱ्या कशाला हात लावू नका. ओळ लांब वाटली म्हणून मोडू नका, दोन रिकाम्या ओळींची एक करू नका. 'प्रिव्ह्यू' दाबून बदल पाहा: एक लाल ओळ, एक हिरवी ओळ, त्यांत फरक फक्त तुमच्या शब्दाचा. वीस-तीस ओळी रंगलेल्या दिसल्या तर कुठेतरी ओळींच्या शेवटच्या अदृश्य खुणा बदलल्या आहेत. ते सोडून द्या आणि पुन्हा सुरुवात करा.

मग 'कमिट चेंजेस', त्यातून 'प्रपोज चेंजेस' आणि शेवटी 'क्रिएट पुल रिक्वेस्ट'. गिटलॅबवर याच गोष्टीला मर्ज रिक्वेस्ट म्हणतात.

कमिटच्या पहिल्या ओळीत काय आणि कुठे एवढंच सांगा: 'इन्स्टॉलच्या पानावर रिसीव्हचं स्पेलिंग दुरुस्त'. अर्थात हे इंग्रजीत लिहा. 'अपडेट रीडमी' असा जो तयार मजकूर समोर येतो तो कधीच ठेवू नका, कारण सहा महिन्यांनी इतिहास चाळणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. खालच्या रकान्यात कारण उघड नसेल तरच एक-दोन वाक्यं लिहा. 'सेपरेट'मध्ये पहिल्या 'ए'च्या जागी 'ई' पडला असेल तर समजावायची गरज नाही. वाक्यात एक 'नॉट' राहून अर्थच उलटा झाला असेल तर मात्र तुम्ही तो अर्थ कशावरून ठरवलात ते लिहा. ती शुद्धलेखनाची दुरुस्ती राहत नाही, आशयाची होते.

शीर्षकातला शब्द बदलताना विशेष जपा. बहुतेक मांडणीत शीर्षकावरूनच त्या भागाचा दुवा तयार होतो. शीर्षकातलं अक्षर बदललं की दुव्याचं शेपूट बदलतं आणि आधी तिथे पोहोचणारे दुवे त्या भागापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून जुनं शेपूट रेपोमध्ये शोधा, सापडतील ते दुवे त्याच पुल रिक्वेस्टमध्ये बदला आणि बाहेरचे दुवे तुटू शकतात हे मेंटेनरला आधीच सांगा.

तोच शब्द आणखी कुठे?

एक चूक सापडली की तिची भावंडंही असतात. रेपो आपल्या मशीनवर क्लोन केला, म्हणजे पूर्ण उतरवून घेतला असेल तर 'गिट ग्रेप' पुढे तो शब्द देऊन शोधा (आज्ञा रोमन अक्षरांतच टाइप करायची, इथे उच्चार दिला आहे). 'कोडस्पेल' नावाचं पायथॉनमध्ये लिहिलेलं साधन यासाठी फार उपयोगी आहे. ते प्रत्येक शब्द कोशात शोधत बसत नाही. नेहमीच्या चुकांची एक यादी त्याच्याजवळ आहे आणि तेवढ्याच चुका ते पकडतं. त्यामुळे उगाच आरडाओरडा कमी, पण यादीत नसलेली चूक निसटते. त्याला सगळं आपोआप बदलायला सांगता येतं. तसं करू नका, एकेक जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

किती बदल एकत्र पाठवायचे? माझं मत असं: एका पानावरच्या सगळ्या चुका एका पुल रिक्वेस्टमध्ये. पूर्ण रेपोभर पसरलेल्या असतील तर आधी विचारा की एकत्र हव्यात की फोल्डरवार. एकेका अक्षराच्या दहा वेगळ्या रिक्वेस्ट मात्र कधीच नकोत. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सला हातभार लावायच्या उपक्रमाच्या टी-शर्टसाठी रीडमीमध्ये निरर्थक शब्द घालणाऱ्या रिक्वेस्टचा असा लोंढा आला की आयोजकांना नियम बदलून, प्रकल्पाने स्वतः होकार दिला तरच तिथल्या रिक्वेस्ट मोजायच्या, असं करावं लागलं. त्यानंतर एका शब्दाच्या दुरुस्तीकडे काही मेंटेनर सावधपणे बघतात. त्यांना तुमच्या कामावरून कळू द्या की तुम्ही पान वाचलं आहे.

पाठवल्यावर आपोआप होणाऱ्या तपासण्यांचा निकाल पाहा. लाल खूण आली तर तपशील उघडून वाचा. उत्तर यायला वेळ लागतो, कारण मेंटेनर बहुतेक नोकरी सांभाळून हे काम करतात. दोन आठवडे गेले तर एकदा नम्रपणे आठवण द्या. बदल सुचवला तर त्याच शाखेत करा, नवी रिक्वेस्ट उघडू नका.

मराठी पानं: इथे आपल्याशिवाय कुणी नाही

इंग्रजी चूक जगात हजारो लोकांना दिसते. लिबरऑफिसच्या, फायरफॉक्सच्या, वर्डप्रेसच्या किंवा केडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या मराठी मजकुरातली चूक फक्त मराठी वाचणाऱ्यालाच दिसते, आणि ते सॉफ्टवेअर मराठीत वापरणारे आपण मोजके. म्हणून मी मुलांना सांगतो, दोन इंग्रजी दुरुस्त्या करून रीत शिका आणि मग या कामाला लागा.

इथे पॅटर्न वेगळ्या जागी असतो. लिबरऑफिसचं भाषांतर वेबलेटवर चालतं, मोझिलाचं पॉन्टूनवर, वर्डप्रेसचं ग्लॉटप्रेसवर, मीडियाविकीचं ट्रान्सलेटविकीवर. खातं उघडा, मराठी निवडा, चुकलेलं वाक्य शोधा आणि 'सजेशन' म्हणून दुरुस्ती नोंदवा. मान्यता देणारे त्या भाषेच्या चमूतले असतात. त्यांच्याशी बोलून घ्या.

यामागे बहुतेक ठिकाणी गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनाच्या पीओ फायली असतात: मूळ इंग्रजी वाक्य आणि खाली आपलं मराठी. त्यातली एक गंमत इंग्रजी दुरुस्त करणाऱ्यांनाही माहीत हवी. मूळ इंग्रजी वाक्यात एक अक्षर बदललं तरी गेटटेक्स्टच्या लेखी ते नवं वाक्य ठरतं. मग प्रत्येक भाषेतलं त्याचं भाषांतर 'फझी', म्हणजे तपासणी बाकी, अशी खूण लागून बाजूला पडतं. फझी नोंदी तयार सॉफ्टवेअरमध्ये जात नाहीत. म्हणजे तुम्ही इंग्रजीतला एक टायपो सुधारलात तर सगळ्या भाषांच्या वापरकर्त्यांना त्या जागी इंग्रजी दिसू शकतं. यासाठीच ग्नोम आणि केडीई हे डेस्कटॉप प्रकल्प आवृत्ती येण्याआधी 'स्ट्रिंग फ्रीझ', म्हणजे वाक्यं न बदलण्याचा काळ, लावतात. त्या काळात मेनूंतल्या वाक्यांना हात लावू नका.

वाक्यात टक्केचिन्ह आणि 'एस' किंवा 'डी' अशा जोड्या दिसतील. तिथे फायलीचं नाव किंवा आकडा येऊन बसतो, त्या जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत. मेनूच्या शब्दांतली अधोरेषा किंवा अँडचं चिन्ह शॉर्टकटसाठी असतं, तेही पुसू नका.

आता प्रत्यक्ष चुका. सगळ्यात जास्त सापडते ती 'पद्धत', 'शुद्ध', 'प्रसिद्ध' यांतली. योग्य जोडाक्षरात आधी 'द्' आणि मग 'ध'. घाईत टाइप करताना क्रम उलटतो आणि 'पध्दत' होतं. लहान फॉन्टमध्ये डोळ्याला फरक कळत नाही. मी अशी तपासणी करतो: शब्द साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवतो, कर्सर त्या जोडाक्षराच्या लगेच नंतर ठेवतो आणि एकदाच बॅकस्पेस दाबतो. शेवटची कळ पुसली जाते. 'द्' उरला तर लेखन बरोबर, 'ध्' उरला तर चूक.

दुसरी जागा 'ऱ्य'ची. 'दुसऱ्या', 'वापरणाऱ्या', 'कर्मचाऱ्यांची' हे शब्द युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवले जातात: एक नुक्त्याच्या 'ऱ'पासून, आणि दुसरा साध्या 'र'ला हलन्त करून पुढे एक अदृश्य जोडखूण देऊन. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण एक शोधला की दुसरा सापडत नाही. दुसऱ्या प्रकारात आणखी धोका आहे. अदृश्य चिन्हं गाळणारं एखादं साधन मजकुरावरून फिरलं की जोडखूण जाते आणि 'दुसर्या' असं रफाराचं रूप उरतं. असे शब्द एकाच फायलीत गठ्ठ्याने दिसले तर लिहिणाऱ्याला दोष देऊ नका, कुठल्या तरी साधनाने ते केलेलं असतं. दुरुस्ती करताना 'ऱ' वापरा. इनस्क्रिप्ट कळफलकावर तो शिफ्टसह 'जे'च्या कळीवर आहे. 'ॲप' मधल्या 'ॲ'चंही तसंच: त्याला स्वतंत्र जागा २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये मिळाली, त्यामुळे जुन्या भाषांतरांत तो 'अ'वर चंद्र देऊन लिहिलेला सापडतो.

मग ऱ्हस्व-दीर्घ. आधार एकच ठेवा: मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली ४ नियमांची भर. आपलं शिवाजी विद्यापीठही १९६२ चंच, त्यामुळे ते साल माझ्या विद्यार्थ्यांच्या लक्षात राहतं. सॉफ्टवेअरच्या मजकुरात कामी येतात ते असे. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: आवृत्ती, स्थिती, सुरू. 'आणि' हा नेहमीचा अपवाद. पण तोच शब्द समासात आधी आला की मूळचा ऱ्हस्व परततो: ध्वनी, पण ध्वनिमुद्रण. शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर मराठी शब्दात त्याआधीचं दीर्घ, आणि विभक्ती लागली की ऱ्हस्व: तपशील, पण तपशिलात, मूळ, पण मुळात. 'सूचना', 'शीर्षक' यांसारख्या संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत मूळचाच दीर्घ राहतो. 'सुचना' आणि 'शिर्षक' या चुका मला जवळजवळ प्रत्येक भाषांतरात भेटल्या. 'वैशिष्ट्य'ला 'ट' आहे, 'ठ' नाही. शंका आली की मी कोश उघडतो. करवीर नगर वाचन मंदिरात, १८५० पासून चालत आलेल्या वाचनालयात, बसून तपासलेला शब्द पुन्हा चुकत नाही.

अनुस्वाराला मात्र नुसतं शुद्धलेखन समजू नका. 'निवडलेल्या फायलीमधील मजकूर पुसला जाईल' आणि 'निवडलेल्या फायलींमधील मजकूर पुसला जाईल' या दोन वाक्यांत एका टिंबाचा फरक आहे, पण पहिल्यात एक फाइल जाते, दुसऱ्यात सगळ्या. मूळ इंग्रजीत एकवचन आहे की अनेकवचन ते पाहूनच टिंब द्या किंवा काढा.

मराठीसाठी हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या साधनाचा शब्दकोश मिळतो आणि तो लिबरऑफिसमध्ये चालतो. पण 'वापरकर्त्यांसाठीच्या', 'फायलींमध्येसुद्धा' अशी प्रत्ययांवर प्रत्यय चढलेली रूपं कुठल्याच यादीत पूर्ण मावत नाहीत. लाल रेघ आली म्हणजे शब्द चुकला असं धरू नका.

'असं' की 'असे', 'फाईल' की 'फाइल', 'पासवर्ड' की 'परवलीचा शब्द' हे प्रश्न चमूने ठरवायचे आहेत. एकट्याने शंभर जागी बदल करण्याआधी तिथे विचारा. आणि 'श' किंवा 'ल' हिंदी वळणाचा दिसतो म्हणून शब्द पुन्हा टाइप करू नका. अक्षर तेच असतं, फक्त फॉन्ट किंवा पानाची भाषेची खूण हिंदीची असते. मराठी वळण २००९ च्या शासन निर्णयाने ठरवून दिलं आहे. पानाला मराठीची खूण लावा, असा वेगळा इश्यू नोंदवा.

दुरुस्ती मान्य झाली तरी तुमच्या संगणकावर ती लगेच दिसणार नाही. लिबरऑफिसची मोठी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते. ती आली की मदतीचं तेच पान उघडा, तुमचा शब्द एडिटरमध्ये चिकटवा, कर्सर जोडाक्षराच्या लगेच नंतर ठेवा आणि एकदा बॅकस्पेस दाबा. 'द्' उरायला हवा.